निरोगी शाळेची ढाल

चार मराठी माणसं परमुलखात एकत्र आली की पहिल्या महिन्यात मंडळ निघतं, दुसऱ्या महिन्यात गणपती बसतो आणि तिसऱ्या महिन्यात कसली ना कसली ढाल निघते. जयपूरच्या सह्याद्री स्नेहमंडळात वक्तृत्वाची ढाल होती, पाठांतराची होती, सुंदर हस्ताक्षराची होती. इतकंच काय, खुसखुशीत चकली करणाऱ्या एका बाईंनाही एकदा वाटीएवढी ढाल मिळाली होती. मंडळातली माणसं विमा कचेरीतली, बँकेतली, तारखात्यातली. दर तीन वर्षांनी बदल्या होत, जुनी जात, नवी येत, ढाली मात्र तिथेच राहत. त्यामुळे १९६० साली मंडळाने शहरातल्या चार शाळांत मुलांसाठी दवाखाने काढले, तेव्हा त्यांचीही ढाल निघणार हे ठरल्यासारखंच होतं. ती निघाली. तिच्यावर कोरलं होतं, ‘सर्वांत निरोगी शाळा’.

विभा परचुरे यांतल्या एका दवाखान्याची नर्स. मिरजेला नर्सिंग शिकलेली, पण लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरण्यात ते शिक्षण ट्रंकेत पडून राहिलेलं. नवरा उमाकांत विमा कचेरीत अधिकारी. त्याचे वरिष्ठ आप्पासाहेब दिवेकर हेच मंडळाचे अध्यक्ष. दवाखान्यांची कल्पना त्यांची, विभाला घरी येऊन गळ घालणारे ते, आणि ढालही त्यांनीच दिलेली, दिवंगत पत्नीच्या नावाने. माणूस मनाने चांगला होता, औषधांसाठी स्वतःच्या खिशात हात घालणारा होता, एवढं त्यांच्या बाजूने आधीच सांगून टाकलेलं बरं.

विभाच्या वाट्याला चारदीवारीतली, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातली, मुलींची शाळा आली. एकशे चाळीस मुली. जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, कापसाची बरणी आणि डोळ्यांत घालायच्या मलमाच्या ट्यूबा. खरूज, नायटे, खोकला हे सगळं होतंच, पण खरा वैरी म्हणजे डोळ्यांतल्या खुपऱ्या. तिकडे त्यांना रोहे म्हणतात. उन्हाळ्याची धूळ, माश्या, आणि घरातल्या सगळ्या पोरांच्या डोळ्यांत आईच्या एकाच बोटाने फिरणारं काजळ. एकीला झालं की घरभर होतं. पापणी उलटून पाहिली की आत साबुदाण्यासारखे दाणे दिसतात. महिनोन्महिने मलम घातलं तर डोळा वाचतो. अर्धवट सोडलं तर दाण्यांचे व्रण होतात, पापणी आत वळते, तिचे केस बुबुळाला घासत राहतात आणि शेवटी डोळ्यात पांढरं फूल पडतं. मग त्या डोळ्याने दिसत नाही.

पहिल्या वर्षी विभाने एकशे चाळीसपैकी एक्याण्णव मुलींना खुपऱ्या असल्याचं लिहून दिलं आणि शाळा यादीत तळाला गेली. दुसऱ्या वर्षी आकडा बारावर आला, आणि ढाल थेट तिच्याच शाळेला मिळाली. संक्रांतीच्या समारंभात मुख्याध्यापिकेशेजारी उभं राहून, ढालीचा एक काठ धरून, विभाने फोटो काढून घेतला. आपल्या मलमाने हे झालं असं तिला खरंच वाटलं. खुपऱ्या एवढ्या झपाट्याने जात नाहीत हे तिला मिरजेत शिकवलं होतं. पण चारचौघांत कौतुक चाललेलं असताना शिकलेलं कोणाला आठवतं? मंगळवारी, म्हणजे दवाखान्याच्या दिवशी, वर्ग जरा रिकामे दिसत, हेही तिने पाहिलं होतं. मुख्याध्यापिका माथुर बहनजी म्हणाल्या की मंगळवारी कारागिरांची सुट्टी, बाप घरी असले की मुलीही घरीच राहतात. विभाने मान डोलावली आणि विषय संपवला.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत, संक्रांत आठवड्यावर आली असताना, तिला मंगळवारी ताप भरला. म्हणून ती न कळवता गुरुवारी शाळेत गेली. थंडी कडाक्याची होती, तिसरीचा वर्ग अंगणात उन्हाला बसला होता. विभा फाटकातून आत आली आणि जागच्या जागी थांबली. वर्ग गच्च भरला होता. अर्ध्याअधिक मुली तिच्या ओळखीच्या नव्हत्या, आणि त्या अर्ध्याअधिक मुली ओढणी डोळ्यांवर ओढून, उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या. काहींच्या पापण्या चिपडाने चिकटल्या होत्या. तिने एकीला विचारलं की तुम्ही शाळेत नवीन का. पोर हसली.

“नहीं जी, हम तो पुरानी हैं. हमारी मंगल की छुट्टी होती है.”

मजेत सांगितलं तिने. मंगळवारची सुट्टी मिळते म्हणून आपण इतरांपेक्षा भाग्यवान आहोत असं तिला वाटत होतं. विभाला कळायला क्षण लागला, आणि कळलं तेव्हा तिचे कान तापले.

त्या मुलीच्या मागे एक नऊ वर्षांची मुलगी बसली होती, नाव केसर. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं लांबूनच दिसत होतं. विभाने तिला हाताला धरून जिन्याखालच्या खोलीत नेलं, खिडकीजवळ उभं केलं आणि काडीपेटीतली काडी आडवी टेकवून उजवी पापणी उलटली. आत व्रण होते. पापणीच्या कडेचे केस आत वळायला लागले होते. बुबुळ अजून स्वच्छ होतं. हा डोळा वाचण्यासारखा होता, पण त्यासाठी पापणीचं ऑपरेशन हवं होतं, आणि ते आता हवं होतं. केसर अगदी न हलता उभी राहिली. म्हणाली, मला माहीत आहे कसं उभं राहायचं, पहिलीत असताना तुम्ही मला मलम घालत होता, थंडगार लागायचं. मग बहनजींनी सांगितलं की तू मंगळवारी यायचं नाही.

विभाला ती पोर आठवत नव्हती. एक्याण्णवांतली एक. तिने काडी खाली ठेवली आणि तरातरा मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली.

तिने तिथे जे बोलायचं ते बोलून घेतलं. मुलींना लपवता, त्यांचे डोळे जाऊ देता, आणि वर फोटो काढून घेता, असं सगळं. आवाज बाहेर अंगणात जात होता, जाऊ दे म्हणाली. माथुर बहनजी पन्नाशीच्या, पांढऱ्या साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी ते ऐकून घेतलं, दार लावलं, आणि मग त्याही चिडल्या. त्यांचं चिडणं थंड होतं.

“पहिल्या वर्षी मी एकही मुलगी लपवली नव्हती, नर्स बहनजी. एक्याण्णवच्या एक्याण्णव दाखवल्या. तुमच्या आप्पासाहेबांनी भर सभेत यादी वाचली आणि आमची शाळा शेवटची म्हणून सांगितली. लोक हसले. पंधरा दिवसांत अकरा जणांनी मुली काढून घेतल्या, गंदी शाळा म्हणून. त्या अकराजणी आज घरात बसून बापांसाठी रंगीत खडे निवडतात. तुम्हाला निरोगी मुली बघायच्या होत्या. मी निरोगी मुली दाखवल्या.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्या कुठे आहेत, हे दोन वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत का?”

विभा आणखीच भडकली. तिथून टांगा करून ती सरळ आप्पासाहेबांच्या बंगल्यावर गेली. दिवाणखान्यात समारंभाची तयारी चालली होती. ढाल टेबलावर होती, ब्रासोने घासून लख्ख केलेली, आणि यंदाच्या विजेत्या शाळेचं नाव तिच्यावर कोरूनही झालं होतं. पुन्हा तीच शाळा. आप्पासाहेबांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला, ते मटकन खुर्चीत बसले. विभाला वाटलं, आता हे उठतील आणि काहीतरी करतील. ते उठले आणि त्यांनी ढालीवर फडकं टाकलं.

“वहिनी, सोमवारी मंत्री येताहेत,” ते म्हणाले. “पत्रिका वाटून झाल्यात. समारंभ पार पडू द्या. मग आपण समिती नेमू, नीट चौकशी करू. हिच्या नावाची ढाल आहे हो ती.”

विभा म्हणाली की पोरीचा डोळा समितीसाठी थांबणार नाही. आप्पासाहेब म्हणाले, एका मुलीचं काय ते आपण स्वतंत्रपणे बघू, पैसे लागतील तेवढे मी देतो. एका मुलीचं. अंगणात ओढण्या ओढून बसलेल्या मुली तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या, आणि हा गृहस्थ एका मुलीचं बोलत होता. ती चहा न घेता उठली.

घरी उमाकांतचंही तेच. त्याने तिची बाजू समजून घेतली, मान हलवली, हळहळला, आणि शेवटी म्हणाला, मतलब, चार दिवसांनी काय बिघडतं, संक्रांत होऊन जाऊ दे. गोड बोलायचा सण आहे म्हणाला. विभाने हातातलं पातेलं इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या गुप्ताजींच्या मुलीने दार वाजवून काय झालं म्हणून विचारलं. जयपूरला आल्यापासून उमाकांतच्या बोलण्यात मतलब शिरला होता, आणि त्या दिवशी तो शब्द तिला असा काही झोंबला की दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. बढती जवळ आली होती त्याची. ते त्याने उच्चारलं नाही, पण तिला ऐकू आलं.

शुक्रवारी तिने मोठ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठलं. केसरला सोमवारी संध्याकाळी भरती करा, मंगळवारी पापणीचं करून टाकू, असं त्यांनी सांगितलं. आणखी महिना गेला तर मी हमी देणार नाही, हेही सांगितलं. बापाचा अंगठा मात्र पाहिजे. तेव्हा शनिवारी विभा केसरच्या घरी गेली.

केसरचा बाप कजोडमल रंगीत खडे घासायचं काम करायचा. खालच्या खोलीत चाक, वर एका खोलीत सगळं कुटुंब. विभा पूर्ण तयारीने गेली होती. हे लोक अडाणी, हे ऑपरेशनला घाबरणार, मुलगीच आहे म्हणून टाळाटाळ करणार, असं सगळं तिने गृहीत धरलं होतं आणि त्याला काय सुनवायचं तेही ठरवलं होतं. दोन वर्षं पोरीचा डोळा पांढरा होताना बघत बसलात, बाप आहात की कोण, असं तिने उंबऱ्यातूनच सुरू केलं. कजोडमलने चाक थांबवलं. तो उठला. वर गेला, देवाच्या तसबिरीमागून एक कागद काढून आणला आणि धोतराला हात पुसून तो तिच्यासमोर धरला.

मंडळाने छापून घेतलेली ती आरोग्यपत्रिका होती. दरवर्षी प्रत्येक मुलीला एक मिळायची. केसरचं नाव, इयत्ता, दात स्वस्थ, त्वचा स्वस्थ, नेत्र स्वस्थ. खाली विभाची सही.

सही तिचीच होती, खोटी नव्हती. गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी माथुर बहनजींच्या खोलीत बसून, चहा घेत घेत, तिने त्या सह्या केल्या होत्या. आजारी बाराजणींच्या पत्रिका तिने स्वतः लिहिल्या. उरलेल्या शाळेने हजेरीपटावरून भरून ठेवल्या होत्या, गठ्ठाच्या गठ्ठा. समारंभाला उशीर होत होता. तिने नावं वाचली नव्हती.

“मी गेल्या दिवाळीला हिला अस्पतालात नेणार होतो,” कजोडमल म्हणाला. “रात्री रडायची डोळ्यावर हात ठेवून. तेव्हा दिसत होतं हिला दोन्हींनी. मला वाचता येत नाही, मी हा कागद गल्लीतल्या मास्टरजींकडून वाचून घेतला. ते म्हणाले, सरकारी नाही पण शिकलेल्या बाईने लिहिलंय, डोळे ठीक आहेत. मग मी नाही नेलं. आता तुम्ही म्हणता, मी बघत बसलो.”

 गुरुवारपासून विभा ज्याच्या त्याच्यावर डाफरत होती, आणि कोणावरचाच राग चुकीचा नव्हता. पण या खोलीत आता ज्याच्यावर रागवायचं ते माणूस एकच उरलं होतं. ती एवढंच म्हणाली की हा कागद खोटा आहे, चूक माझी आहे, पण उजवा डोळा अजून वाचेल, अंगठा द्या. कजोडमलने नकाराची मान हलवली. तो आडमुठा नव्हता. त्याने तिला समजावून सांगितलं. घरात त्याची आई होती, दोन भाऊ होते. कागदावर डोळा चांगला लिहिलेला असताना याने चांगल्या डोळ्याला चाकू लावू दिला, असं उद्या सगळी गल्ली म्हणणार. आणि असा कागद काही त्याच्या एकट्याच्या घरी नव्हता. गल्लीत तीसएक घरांत होता.

“परवा संक्रांत आहे,” तो म्हणाला. “सगळे घरी असतात. तेव्हा या, आणि चबुतऱ्यावर उभ्या राहून सगळ्यांना सांगा, की कागद खोटा आहे. मी अंगठा देतो.”

सोमवारी दुपारी उमाकांतने तिची काळी चंद्रकळा पलंगावर काढून ठेवली होती. समारंभ चारला होता. विभाने रोजचं पातळ नेसलं, पिशवीत मलमाच्या होत्या तेवढ्या ट्यूबा आणि कापूस भरला, आणि कुठे जातेय ते सांगितलं.  आप्पासाहेबांना काय सांगू, उमाकांतने विचारलं. खरं काय ते सांगा, ती म्हणाली, नाहीतर काही सांगू नका, तुम्हाला जमेल ते. आणि चपला घालून निघाली.

गल्ली छपरांवर चढली होती. आभाळ पतंगांनी भरलेलं, वरून काटाकाटीचा गलका, खाली तिळाच्या पापडीचा वास. कजोडमलने हाका मारून बायकांना खाली बोलावलं. पुरुषही आले, हातात मांजा गुंडाळलेला तसेच. विभा चबुतऱ्यावर चढली. तिची हिंदी चांगली होती, पण त्या वेळी ती अडखळली. मी शाळेतली नर्स, ती म्हणाली. तुमच्या घरी माझ्या सहीचे कागद आहेत. त्यात मुलींचे डोळे चांगले आहेत असं लिहिलंय. मी त्यांचे डोळे बघितलेच नव्हते. न बघता सही केली. आमच्या मंडळाला ढाल द्यायची होती, शाळेला ढाल घ्यायची होती, आणि मला माझं नाव व्हायला हवं होतं. केसरचा डावा डोळा त्यात गेला. तो माझ्यामुळे गेला.

मग ती शिव्यांची वाट बघत उभी राहिली. कोणी दगड मारला असता तरी तिने तो खाल्ला असता. तिला तो हवाच होता, कारण मग निदान हिशेब चुकता झाल्यासारखा वाटला असता. पण शिवी आली नाही, दगडही आला नाही. कजोडमलच्या म्हाताऱ्या आईने पदराने तोंड दाबून घेतलं, तेवढंच. मग एक बाई घरात गेली आणि आपल्या सात वर्षांच्या मुलीला पुढे घालून घेऊन आली.

“इसकी देखो,” ती म्हणाली.

अजूनही तिच्याचकडे. दुसरं कोण होतं त्यांना? विभा चबुतऱ्यावर मांडी घालून बसली आणि तिने त्या पोरीची पापणी उलटली. साबुदाणे. मलम घातलं, आईला ट्यूब दिली, रोज सकाळ-संध्याकाळ कसं घालायचं ते दाखवलं, काजळाचं बोट प्रत्येकीला वेगळं हे सांगितलं. पुढची आली. मग तिच्या मागे आणखी. ट्यूबा अकराव्या मुलीला संपल्या. त्यानंतर तिने नुसतं बघितलं आणि कागदाच्या पाठीवर खरं काय ते लिहून दिलं, वाचून दाखवून, प्रत्येकीचं नाव विचारून. एकोणचाळीस मुली झाल्या. त्यांतल्या सव्वीस जणींचे डोळे खराब होते, आणि दोघींच्या पापण्या केसरसारख्याच आत वळायला लागल्या होत्या. तिकडे एव्हाना ढाल दिली गेली असेल, टाळ्या झाल्या असतील. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण हात थांबले नाहीत.

ऊन छपरांवरून उतरलं तेव्हा कजोडमल आतून आला. त्याने डोक्याला साफा बांधला होता, खांद्यावर गोधडी होती. डॉक्टरांच्या कागदावर त्याने अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि टांगा बोलावला. दुसऱ्या दोघींच्या आयाही त्यांना घेऊन बुधवारी इस्पितळात यायला कबूल झाल्या. टांग्यात कजोडमल पुढे बसला. मागे केसर होती. विभा तिच्या डाव्या बाजूला बसायला लागली, तर केसरने तिचा हात धरून तिला थांबवलं.

तिकडे नको, ती म्हणाली, इकडे उजवीकडे बसा, तिकडे बसलात तर तुम्ही मला दिसत नाही.